धूर, पाटे आणि अवयवी : जुनी पिकअप घरी दुरुस्त करताना



मागच्या दोन व्याख्यानांत आपण न्यायदर्शनातलं अनुमान पाहिलं आणि त्यानंतर अवयव-अवयवी हा वाद पाहिला. त्यावर काही श्रोत्यांचं म्हणणं पडलं, की उदाहरणं फार जुनी आहेत. पर्वत, धूर, घट, पट. म्हणणं रास्त आहे. म्हणून आज आपण एकच उदाहरण घेऊ आणि शेवटपर्यंत त्यालाच धरून राहू. घरासमोर उभी असलेली एक जुनी पिकअप गाडी. ती घरच्या घरी दुरुस्त करायची, जमलं तर तिच्यात थोडे फेरफारही करायचे, असं कोणी ठरवलं, तर त्याच्यापुढे नेमके कोणते प्रश्न उभे राहतात? त्यातले हाताचे किती, डोक्याचे किती आणि दुसऱ्याच्या जिवाचे किती?

आजचा मुद्दा सुरुवातीलाच सांगून टाकू. दुरुस्ती आणि फेरफार या दोन्ही गोष्टी एकाच पान्याने होतात, पण त्यांची जात वेगळी आहे. दुरुस्तीत आपण गाडीच्या एखाद्या भागाला त्याचं जुनं काम परत देतो. फेरफारात आपण त्याला नवं काम देतो, आणि मग बाकीच्या सगळ्या भागांना विचारावं लागतं, की बाबांनो, तुम्हाला हे झेपणार आहे का? हे विचारणं राहून गेलं तर काय होतं, ते आज पाहायचं आहे.

कोणती गाडी?

टाटांची टाटामोबाइल २०६ ही पिकअप १९८८ मध्ये बाजारात आली. महिंद्राच्या, जीपच्या घराण्यातल्या पिकअप गाड्याही आपण पाहिल्या आहेत. अशा जुन्या डिझेल गाड्यांचं वैशिष्ट्य म्हणजे त्यांच्यात लपवाछपवी कमी. डिझेलचा पंप यांत्रिक, क्लच-गिअर यांत्रिक, मागे कमानीसारखे पाटे, चॅसी म्हणजे दोन लांब लोखंडी पट्ट्या आणि त्यांना जोडणारे आडवे तुकडे. त्यावर पुढे केबिन आणि मागे हौदा. बोनेट उघडलं की कोणती नळी कुठून कुठे जाते, हे डोळ्यांना दिसतं. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहा हे प्रदूषणाचे निकष लागू झाले. त्या निकषांच्या डिझेल गाड्यांमध्ये सेन्सर आणि संगणक यांच्याशिवाय पान हलत नाही. बिघाड कळायला आधी स्कॅनर लावावा लागतो. घरच्या अंगणात काही शिकायचं असेल, तर जुनी गाडी बरी, ती यासाठी.

आणि ही गाडी शोभेची नाही. ती लासलगावला कांदा नेते, नारायणगावला टोमॅटो नेते, कोकणात मासळी नेते. ती चार दिवस बंद राहिली तर घराचं गणित बिघडतं. म्हणूनच माणूस स्वतः पाना हातात घेतो. हौस थोडी असते, गरज जास्त असते.

धुरावरून काय कळतं?

आम्ही तत्त्वज्ञानाचे शिक्षक वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत आलो: पर्वतावर अग्नी आहे, कारण तिथे धूर दिसतो. मेकॅनिक हेच अनुमान रोज करतो, फक्त त्याचा धूर सायलेन्सरमधून येतो आणि त्या धुराला रंग असतो.

काळा धूर म्हणजे डिझेल जास्त आणि हवा कमी. एअर फिल्टर चोंदला असेल, इंजेक्टर फवारा मारण्याऐवजी थेंब टाकत असेल, पंपाचं सेटिंग कोणीतरी वाढवून ठेवलं असेल, किंवा इंजिनाला झेपत नाही इतका माल भरला असेल. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय. पिस्टनच्या रिंगा किंवा व्हॉल्व्हचे गाइड झिजलेले असू शकतात. पांढरा धूर मात्र फसवा. न जळलेलं डिझेलही पांढरं दिसतं आणि पाण्याची वाफही पांढरीच.

आता इथे न्यायशास्त्र उपयोगी पडतं. जो हेतू दोन्ही घरी जाऊन बसतो, त्याला नैयायिक 'अनैकांतिक' म्हणतात. अशा हेतूवरून निष्कर्ष काढायचा नसतो. पांढरा धूर हा अनैकांतिक हेतू आहे. तो दिसला की लगेच "हेड गॅस्केट गेलं" असं म्हणून इंजिन खोलायला घेणं म्हणजे तर्कातला दोष, आणि खिशाला भोकही. मग काय करायचं? दुसरी खूण शोधायची. इंजिन गरम झाल्यावर धूर जातो का? गेला, तर थंडीतला दमटपणा किंवा हीटर प्लगची तक्रार असू शकते. राहिला, तर इंजिन थंड असताना रेडिएटरचं पाणी पाहायचं. रोज थोडं थोडं कमी होतंय, पण खाली कुठे गळत नाही? ऑइल भरायच्या झाकणाखाली दुधाळ साय जमली आहे? एवढ्या खुणा एकत्र आल्या, म्हणजे पाणी आत जातंय हे अनुमान उभं राहतं.

यालाच जोडून अन्वय-व्यतिरेक. हे असताना ते असतं, हे नसताना ते नसतं. याचा अंगणातला अर्थ असा, की एका वेळी एकच गोष्ट बदलायची. रविवारी सकाळी फिल्टर बदलला, इंजेक्टर साफ केले, पंपाचं सेटिंगही थोडं फिरवलं, आणि संध्याकाळी धूर थांबला. आनंद आहे, पण कशाने थांबला? ठाऊक नाही. पुढच्या वेळी पुन्हा तिन्ही करावं लागेल. फिल्टर बदला, गाडी फिरवा, बघा. मग इंजेक्टर. एक जुनी वही जवळ ठेवा. तारीख, किलोमीटर, काय केलं, काय फरक पडला. चांगला मिस्त्री ही वही डोक्यात ठेवतो. आपलं काम अधूनमधून होणारं, आपण कागदावर ठेवावी.

अंगणातली शिस्त

पुढे जाण्याआधी चार नियम सांगितले पाहिजेत, कारण इथे चुकलं तर पुढचं ऐकायला माणूस राहत नाही. आणि आपली पद्धत अशी, की नियमामागचं कारणही सांगायचं.

पहिला. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली जायचं नाही. जॅकच्या आत तेल असतं आणि ते एका सीलने अडवलेलं असतं. म्हणजे गाडीचं सगळं वजन त्या एका सीलच्या भरवशावर. लोखंडी घोड्या लावायच्या, जमीन सपाट आणि टणक हवी, आणि खाली जाण्याआधी गाडी हाताने हलवून पाहायची. विटा किंवा जांभ्याचे चिरे चालणार नाहीत; एका ठिकाणी दाब आला की ते इशारा न देता फुटतात. मागची बाजू उचलणार असाल तर पुढच्या चाकांना दोन्हीकडून दगड लावा. हँडब्रेक बहुतेक गाड्यांत मागच्या चाकांवर चालतो, आणि ती चाकं तर तुम्ही हवेत उचललीत.

दुसरा. बॅटरी सोडवताना आधी ऋण टोक, जोडताना ते शेवटी. कारण गाडीचा सगळा पत्रा ऋण टोकाला जोडलेला असतो. धन टोक आधी सोडवायला गेलात आणि पाना पत्र्याला लागला, तर पान्यातूनच वीज धावते.

तिसरा. गरम रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही. आतलं पाणी दाबाखाली असतं, म्हणून ते शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण फिरवलं की दाब जातो आणि सगळं एकदम उकळून तोंडावर येतं.

चौथा. ब्रेकच्या ड्रममधली धूळ तोंडाने किंवा हवेच्या पाइपने उडवायची नाही. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं आणि ते फुप्फुसात जाऊन बसतं. ओल्या फडक्याने पुसा.

ब्रेकचा विषय निघालाच आहे, तर तेलाचंही सांगू. ब्रेक ऑइल हवेतला दमटपणा शोषून घेतं. डॉट ३ प्रकारच्या तेलाचा उत्कलनबिंदू नवं असताना किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो. पाणी शोषलेल्या अवस्थेसाठी ही मर्यादा १४० अंशांवर येते. आता भरलेली गाडी खंबाटकीचा किंवा वरंधचा घाट उतरते आहे. चालक ब्रेकवर पाय ठेवूनच बसला आहे. तेल तापलं, त्यात वाफेचे बुडबुडे झाले. तेल दाबलं जात नाही, वाफ दाबली जाते. पाय थेट तळाला जातो आणि गाडी थांबत नाही. म्हणून उतारावर खालच्या गिअरमध्ये यायचं, आणि तेल ठरलेल्या मुदतीत बदलायचं. बदलल्यावर ब्रेकमधली हवा काढण्याचं काम दोघांचं आहे. एक जण केबिनमध्ये पेडल दाबून धरतो, दुसरा चाकापाशी निपल सोडतो आणि घट्ट करतो. "दाब", "धर", "सोड". घट्ट करण्याआधी पेडल सोडलं तर हवा परत आत. घरातल्या दोन माणसांचा एकमेकांच्या शब्दावर किती विश्वास आहे, हेही त्यात कळतं.

गाडी म्हणजे नेमकं काय?

आता आपल्या मुख्य वादाकडे येऊ. बौद्धांचं म्हणणं आपण पाहिलं होतं. 'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथात नागसेन भिक्षू राजा मिलिंदाला विचारतो, तू रथातून आलास ना, मग रथ कोणता? चाक म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? नाही. सगळ्या भागांचा ढीग म्हणजे रथ का? तेही नाही. मग 'रथ' हे त्या भागांच्या आधाराने वापरलेलं नाव आहे, व्यवहारापुरतं.

नैयायिकांना हे मान्य नाही. ते म्हणतात, अवयवी ही अवयवांहून वेगळी, खरी वस्तू आहे. न्यायसूत्रांत त्यासाठी दिलेल्या युक्तिवादांपैकी एक मोठा गमतीचा आहे. एखादी वस्तू एका टोकाला धरून ओढली की सगळी येते. नुसता ढीग असता, तर हाताला लागलं तेवढंच आलं असतं. धारण आणि आकर्षण यांवरून अवयवी सिद्ध होतो.

पिकअपच्या पुढच्या हुकाला दोर बांधून ओढा. चांगली गाडी अख्खी येते. आणि चॅसी गंजलेली असली तर? हुक हातात येतो, गाडी जागेवर. म्हणजे नैयायिकांची कसोटी अंगणात खरी उतरते. गंज गाडीला आतून अवयवीचा ढीग बनवत असतो.

पण न्यायसूत्रांचे भाष्यकार वात्स्यायन इथेच थांबत नाहीत. ते म्हणतात, लाखेने चिकटवलेलं गवत आणि लाकूडही एकत्र ओढलं जातं. म्हणून काही ती एक वस्तू होत नाही. नुसतं एकत्र ओढलं जाणं पुरेसं नाही. जुनी गाडी विकत घेणाऱ्याने हे वाक्य मनात कोरून ठेवावं. कारण गंजलेल्या पत्र्यावर पुट्टी भरून वर चकचकीत रंग मारला, तर ती पुट्टी म्हणजे लाखच. दिसायला सगळं एक. भार घ्यायची वेळ आली की वेगळं.

मग पाहायचं कसं? खाली जाऊन चॅसीवर छोटी हातोडी हळू हळू ठोकत जायचं. निरोगी लोखंड खणखणतं, गंजलेलं बद्द वाजतं. शंका आली तिथे स्क्रू ड्रायव्हरचं टोक दाबून पाहायचं. चिखल आणि ओल जिथे साचते तिथे आधी पाहा: पाट्यांची टोकं जिथे चॅसीला अडकवलेली असतात ती जागा, हौद्याच्या खालचे आडवे तुकडे, चाकांच्या वरचा भाग. कोकणात मासळी वाहिलेली गाडी असेल तर दुप्पट काळजीने, कारण खारं पाणी वर्षानुवर्षं हौद्यातून खाली ठिबकलेलं असतं.

नैयायिकांचं आणखी एक मत आठवा. वस्त्रातला एक धागा काढला तर जुनं वस्त्र संपलं. उरतं ते नवं वस्त्र, त्याला ते 'खंडपट' म्हणतात. ऐकताना हे अतिरेकी वाटतं. पण दुरुस्ती करणाऱ्यासाठी हा सोन्यासारखा सल्ला आहे. क्लच प्लेट बदलली, ब्रेकचे लायनर बदलले, चाक काढून परत बसवलं. ही आता वेगळी गाडी आहे असं समजा. नवे लायनर ड्रमशी जुळेपर्यंत पूर्ण पकडत नाहीत. चाकाचे नट पन्नास-शंभर किलोमीटरनंतर पुन्हा आवळून पाहावे लागतात. "आपली नेहमीचीच गाडी" म्हणून पहिल्याच दिवशी माल भरून घाटात निघायचं नसतं.

पाटा वाढवला, मग?

आता फेरफार. पिकअपमध्ये सगळ्यात जास्त केला जाणारा फेरफार म्हणजे मागे पाटे वाढवणं. दोन पाटे जास्त घातले की हौद्यात जास्त क्रेट भरूनही गाडी मागे बसत नाही. दिसायला गाडीची ताकद वाढली.

खरंच वाढली का? एकेका भागाला विचारू या. टायर म्हणतो, माझ्यावर भाराचा आकडा लिहिलेला आहे, तो बदललेला नाही. बेअरिंग म्हणतं, मी तेवढंच. मागचं हाउसिंग, चाकाचे नट, चॅसी, सगळे म्हणतात, आम्ही तेवढेच. ब्रेक काय म्हणतो? वेग तोच ठेवून वजन दीडपट केलं तर थांबवताना निघणारी उष्णता दीडपट होते. वेग ४० वरून ६० वर नेला तर ती सव्वादोनपट होते. दोन्ही एकदम केलं तर तिप्पट-साडेतीनपटीच्या दरम्यान. ड्रम मात्र कारखान्यातून आला तेवढाच आहे.

याहून बारीक गोष्ट पुढे आहे. अनेक पिकअप गाड्यांमध्ये चॅसी आणि मागचं हाउसिंग यांच्यामध्ये एक दांडी असते, आणि ती ब्रेकच्या एका व्हॉल्व्हला जोडलेली असते. तिचं काम असं. गाडी रिकामी असताना मागची चाकं हलकी असतात. तेव्हा जोरात ब्रेक मारला तर ती जागच्या जागी जाम होतील आणि गाडीची शेपटी फिरेल. म्हणून हा व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकचा दाब कमी ठेवतो. माल भरला की पाटे दबतात, चॅसी खाली येते, दांडी हलते आणि व्हॉल्व्ह मागे जास्त दाब जाऊ देतो. म्हणजे गाडीत किती माल आहे, हे ब्रेकला पाट्यांकडून कळतं.

आता आपण पाटे कडक केले. माल भरला, पण चॅसी खाली आलीच नाही. ब्रेकला निरोप गेला, गाडी रिकामी आहे. गाडी काठोकाठ भरलेली, आणि मागचे ब्रेक रिकाम्या गाडीचे. सगळा भार पुढच्या ब्रेकांवर. कुठला नट सैल नाही, कुठला भाग तुटलेला नाही, एकेक भाग तपासला तर प्रत्येक जण निर्दोष. दोष दोन भागांच्या संबंधात शिरला आहे.

अवयवी म्हणजे काय, याचं आम्हाला तरी याहून स्पष्ट उदाहरण ठाऊक नाही. गाडीचं एकपण कुठल्या एका भागात नाही. एकाने दुसऱ्याचा भार ओळखून आपलं काम बदलण्यात ते आहे. नागसेन म्हणतो तसं 'गाडी' हे नाव असेलही. पण घाटात गाडी थांबायची असेल, तर ते संबंध खरे असावे लागतात.

दुसरं उदाहरण दिव्यांचं. साधा हॅलोजन बल्ब ६० वॅटचा. बारा व्होल्टच्या गाडीत तो ५ अँपिअर घेतो. त्याजागी १०० वॅटचा घातला तर सव्वाआठच्या वर. वायरमधली उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या पटीत वाढते, म्हणजे जवळजवळ पावणेतीनपट. वायर तीच, तीस वर्षं जुनी, आवरण कडक होऊन तडकलेलं. फ्यूज उडतो. मग कोणीतरी फ्यूजच्या जागी तांब्याची तार गुंडाळतो. आता बघा, फ्यूज हा गाडीतला मुद्दाम अशक्त ठेवलेला भाग आहे. वेळेवर जळून जाणं हेच त्याचं काम. तो सारखा जळतोय म्हणजे तो वाईट आहे असं नाही. तो आपलं काम चोख करतोय आणि काहीतरी सांगतोय. तार गुंडाळली म्हणजे सांगणाऱ्याचं तोंड बंद केलं. यापुढे जळेल ती वायर, आणि तिच्या शेजारी डिझेलची नळी असू शकते. शिवाय समोरून येणाऱ्या दुचाकीवाल्याच्या डोळ्यांत तो प्रकाश जातो, तो हिशेब वेगळाच.

चॅसीला भोकं पाडण्याचंही तसंच. हौद्यावर नवा सांगाडा बसवायचा म्हणून चॅसीच्या वरच्या किंवा खालच्या कडेला ड्रिल मारतात. चॅसी वाकते तेव्हा सगळ्यात जास्त ताण त्याच दोन कडांवर येतो. भोकाच्या काठापासून चीर सुरू होते आणि वर्षभराने दिसते.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. सोप्या भाषेत सांगायचं तर नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळा ठरेल, असा बदल मालकाने गाडीत करायचा नाही. सीएनजी किटसारखे काही बदल नियमांच्या चौकटीत, मंजुरीने करता येतात. इंजिन बदललं तर परिवहन कार्यालयात त्याची नोंद करावी लागते. जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच अधोरेखित केलं, की उत्पादकाच्या मूळ तपशिलाला सोडून जाणारे बदल चालणार नाहीत. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ आलं; बेकायदा फेरफाराबद्दल मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. मालवाहू गाडीला आठ वर्षं झाली की दरवर्षी पासिंग असतंच.

पुष्कळांना हा जाच वाटतो. आपलीच गाडी, आपलाच पैसा, सरकारला काय? पण मघाचं उदाहरण आठवा. पाटे वाढवणारा आपल्या अंगणात असतो. तो वाढलेला भार घाटात ज्याच्या अंगावर येतो, त्याला कोणी विचारलेलं नसतं. फेरफारात बाकीच्या भागांना विचारावं लागतं असं आपण म्हटलं. रस्त्यावरचा माणूस हाही त्या हिशेबातला एक भाग आहे. तो स्वतः येऊन बोलू शकत नाही, म्हणून कायदा बोलतो.

श्रोत्यांचे दोन प्रश्न

एका श्रोत्याने विचारलं: एवढं करण्यापेक्षा जुनी गाडी भंगारात का देऊ नये?

द्यावी, पण केव्हा, ते पाहून. इंजिन थकलं, क्लच गेला, वायरिंग खराब झालं, म्हणून गाडी संपत नाही; हे भाग बदलता येतात. चॅसी ज्या ठिकाणी पाट्यांचा भार घेते तिथेच ती कुजली असेल, एकदा पट्टी मारूनही पुन्हा शेजारी कुजत असेल, तर भागांना एकमेकांचा भार पेलता येत नाही असं समजावं. तिथे पुट्टी लावून विकणं हे दुसऱ्याच्या गळ्यात मरण बांधणं आहे. नोंदणीकृत केंद्रात गाडी मोडीत द्या, कागद घ्या, मोकळे व्हा. आणि स्टीअरिंगचे सांधे, चॅसीचं वेल्डिंग, डिझेल पंपाचं सेटिंग ही कामं जाणत्या माणसाकडूनच करून घ्यावीत. घरी करायचं म्हणजे सगळं घरीच करायचं असं नाही.

दुसरा प्रश्न एका ताईंचा: मुलगा म्हणतो, पाटे वाढवले की फेरीमागे जास्त क्रेट बसतात, कर्ज लवकर फिटेल. त्याला काय सांगू?

ताई, मुलगा खोटं बोलत नाहीये. व्यापारी क्रेटवर पैसे देतो, तेव्हा जास्त क्रेट म्हणजे जास्त पैसे हे खरंच आहे. त्याला रागावू नका. त्याच्याबरोबर हिशेबाला बसा. जादा भाराने टायर लवकर जातात, क्लच लवकर जातो, डिझेल जास्त जातं. क्षमतेपेक्षा जास्त माल सापडला तर कायद्याने वीस हजार रुपये दंड आणि वर प्रत्येक जादा टनाला दोन हजार. हे सगळं वहीत एका बाजूला लिहा, जादा क्रेटचे पैसे दुसऱ्या बाजूला. काही महिने दुसरी बाजू जड दिसेलही. तसं दिसलं तर तेही लपवू नका.

मग त्याला म्हणा, चल, गाडीखाली जाऊ. घोड्या नीट लावा, चाकांना दगड लावा. त्या व्हॉल्व्हची दांडी तुमच्या गाडीत असेल, तर त्याच्याच हाताने ती हलवून पाहू दे. पाटा दबला की ती किती सरकते, ते बघू दे. मग त्यालाच विचारा, की पाटे कडक केल्यावर ब्रेकला माल कसा कळणार? उत्तर तुम्ही देऊ नका. त्याला देऊ दे. गाडी तोच चालवणार आहे.